शिधा आधी, चौकशी मागून

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

भूकंप, पूर, दुष्काळ किंवा युद्धानंतरच्या मदतकार्यात कृत्रिम बुद्धिमत्ता कशी उपयोगी पडते, याच्या बातम्या वृत्तपत्रांतून आता नेमाने येऊ लागल्या आहेत. यंत्र किती झटपट काम करते हे त्यांत असते, आणि बहुधा ‘९५ टक्के अचूक’ असा एखादा आकडा असतो. उरलेल्या पाच टक्क्यांत कोण असते आणि त्यांचे पुढे काय होते, हे मात्र छापून येत नाही. मदतवाटपाच्या याद्या, नोंदणी आणि माहितीची छाननी हेच आमचे रोजचे काम असल्याने त्या पाच टक्क्यांबद्दल जरा सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

मदतकार्यातली कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटले की ढिगाऱ्यातून माणसे काढणारा यंत्रमानव डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात तिचे काम बहुतांशी कारकुनी आहे. पुराचा अंदाज बांधणे, उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पडलेली घरे मोजणे, हजारो अर्जांतून कोणाला आधी पैसे द्यायचे ते सुचवणे, यादीत एकच माणूस दोनदा आला आहे का ते पाहणे, रांगेतल्या माणसाचा अंगठा जुळवणे, लोकांच्या प्रश्नांना फोनवर उत्तरे देणे, कार्यालयात अहवालांचा सारांश काढणे. कामे एका माळेतली दिसली तरी त्यांतली चूक सारखी नसते. सारांश चुकला तर एक बैठक वाया जाते. यादीतले नाव चुकीने उडाले तर एका घराची महिनाभराची चूल विझते.

यादीचेच उदाहरण घेऊ. समजा, १,००,००० कुटुंबे नोंदलेली आहेत आणि त्यांपैकी १,००० कुटुंबांनी खरोखरच दोनदा नाव लावले आहे. दुबार नावे हुडकणारी प्रणाली ‘९५ टक्के अचूक’ आहे, म्हणजे शंभर दुबार नोंदींपैकी ९५ पकडते आणि शंभर प्रामाणिक कुटुंबांपैकी ९५ ना सोडून देते. आता हिशेब मांडून पाहा. १,००० पैकी ९५० पकडली गेली. उरलेल्या ९९,००० प्रामाणिक कुटुंबांपैकी पाच टक्के, म्हणजे ४,९५० कुटुंबांवरही शंकेची खूण पडली. एकूण खुणा ५,९००. म्हणजे खूण पडलेल्या दर शंभरांतली सुमारे ८४ कुटुंबे निर्दोष! यात प्रणाली विकणाऱ्याने काही खोटे सांगितलेले नाही. लबाडी मुळातच विरळ असते तेव्हा चांगल्या चाळणीतही खड्यांपेक्षा धान्यच जास्त अडकते.

या खुणा कोणावर पडतात तेही पाहण्यासारखे आहे. जन्मदाखला नसलेल्या माणसाची जन्मतारीख नोंदणीच्या टेबलावर सरसकट १ जानेवारी लिहिली जाते. कित्येक याद्यांत निम्मी वस्ती १ जानेवारीला जन्मलेली दिसते ती त्यामुळे. नाव आणि जन्मतारीख जुळली की ‘दुबार’ ठरवणाऱ्या यंत्राला हे वेगवेगळे लोक एकच वाटतात. दुसरीकडे मोहम्मद, मुहम्मद, महंमद अशी एकाच नावाची तीन लेखने असली की खरा दुबार निसटतो. वस्तीत एकाकडेच फोन असतो आणि आठ-दहा कुटुंबे तोच क्रमांक देतात. यंत्राच्या दृष्टीने ती टोळी! म्हणजे ज्यांच्याकडे कागद नाहीत, फोन नाही, ज्यांचे नाव परक्या लिपीत कारकुनाने कानाला येईल तसे लिहिले, नेमके तेच संशयित ठरतात. मदतीची सर्वाधिक गरजही बहुधा त्यांनाच असते.

आता इथेच घोडे पेंड खाते. खूण पडली की शिधा थांबवायचा आणि मग चौकशी करायची, अशी बहुतेकांची सहज प्रवृत्ती असते. एक पथक दिवसाला २० घरे तपासू शकते असे धरले, आणि अशी १० पथके असली, तर ५,९०० घरांना जवळपास ३० कामाचे दिवस लागतात. तेवढ्यात वाटपाची एक पूर्ण फेरी निघून जाते. ४,९५० निर्दोष घरे उपाशी राहतात, तीही आपण काय गुन्हा केला हे न कळता. उलट क्रम लावला, म्हणजे शिधा चालू ठेवून तपासणी केली, तर नुकसान काय? ९५० कुटुंबांना एका महिन्याचा जादा शिधा जातो. दोन्ही बाजू तराजूत टाकल्या तर कोणती निवडायची हे सांगायला यंत्र लागत नाही. ‘शिधा आधी, चौकशी मागून’ हा नियम प्रणाली बसवण्यापूर्वी लेखी ठरलेला असावा. नंतर ठरवू म्हटले की तो ठरत नाही, कारण तोवर ‘५,९०० संशयित सापडले’ असे अहवालात गेलेले असते.

शंकेची पातळी किती कडक ठेवायची, हाही तंत्रज्ञाने एकट्याने घेण्याचा निर्णय नाही. ती वर नेली आणि प्रामाणिकांपैकी फक्त एक टक्क्यावर खूण पडू दिली, तर ४,९५० चे ९९० होतात. त्या बदल्यात पकडली जाणारी दुबार नावे ९५० वरून, समजा, ७०० वर येतील. खुणा १,६९०, आणि तपासणी नऊ दिवसांत उरकते. त्यांतही निम्म्याहून जास्त निर्दोषच आहेत, पण काम माणसांच्या आवाक्यात आले. ही अदलाबदल कोणाच्या सहीने झाली हे फाइलवर दिसले पाहिजे. अनेक ठिकाणी ती विक्रेत्याने मुळात लावून दिलेल्या आकड्यावर तशीच चालू राहते आणि तो आकडा बदलता येतो हेही कुणाला ठाऊक नसते.

‘पण शेवटचा निर्णय माणूसच घेतो’, हे उत्तर आम्हांला नेहमी ऐकवले जाते. तो माणूस कोण, आणि त्याच्यापुढे दिवसाला किती प्रकरणे येतात, ते विचारावे. आठ तासांत ३०० प्रकरणे म्हणजे एकेका कुटुंबाला ९६ सेकंद. पडद्यावर लाल चौकट आधीच उमटलेली. यंत्राच्या विरोधात गेला तर कारण लिहायचे, होकार दिला तर एकदा बोट दाबायचे. अशा वेळी माणूस होकाराचा शिक्का होऊन बसतो. यावर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. तपासनिसाला प्रकरण आधी यंत्राने दिलेल्या शंकेच्या गुणांशिवाय दाखवावे, त्याचे मत नोंदवून घ्यावे, आणि मग गुण उघड करावेत. अधूनमधून मुद्दाम चुकीची खूण असलेली, उत्तर माहीत असलेली प्रकरणे मिसळावीत आणि ती पकडली जातात का पाहावे. महिन्याकाठी किती वेळा माणसाने यंत्राला खोडून काढले त्याचा आकडा ठेवावा. तो शून्य असेल तर तपासणी होतच नाही.

यादीतून काढण्याइतकेच यादीत घेणे अवघड. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९१ मध्ये ४६/१८२ या ठरावात मदतकार्यासाठी मानवता, तटस्थता आणि निःपक्षपात ही तत्त्वे मांडली. निःपक्षपाताचा मदतकार्यातला अर्थ असा, की मदत फक्त गरज पाहून द्यायची. यंत्राला मात्र गरज दिसत नाही. त्याला गरजेच्या खुणा दिसतात. किती रुपयांचे रिचार्ज केले, रात्री वस्तीत किती उजेड दिसतो, छप्पर पत्र्याचे आहे की गवताचे.

टोगो या आफ्रिकी देशातला प्रयोग या बाबतीत प्रामाणिकपणे तपासला गेला, म्हणून त्याचा उल्लेख करतो. २०२० मध्ये महासाथीच्या काळात तिथल्या सरकारने ‘नोव्हिसी’ नावाची रोख मदत योजना फोनवरून राबवली. पुढच्या टप्प्यात गरिबातले गरीब शोधायला उपग्रहाची छायाचित्रे आणि फोनवापराची माहिती वापरली गेली. २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निष्कर्ष दोन्ही बाजूंनी दिले आहेत. केवळ प्रदेशानुसार मदत देण्याच्या तेव्हाच्या पर्यायांशी तुलना केली, तर गरजू वगळले जाण्याच्या चुका ४ ते २१ टक्क्यांनी कमी झाल्या. पण घरोघरची परिपूर्ण सामाजिक नोंदवही हाताशी असती तर त्या तुलनेत याच पद्धतीने अशा चुका ९ ते ३५ टक्क्यांनी वाढल्या असत्या. नोंदवही नव्हती आणि महासाथीत घरोघर जाता येत नव्हते, म्हणून तेव्हा तो पर्याय योग्य. संकट सरल्यावरही घरोघर जाण्याचा खर्च वाचतो म्हणून तोच चालू ठेवला तर तो योग्य राहत नाही. पहिला आकडा भाषणांत वारंवार येतो, दुसरा क्वचित. शिवाय फोनच नसलेल्या माणसाचा ‘फोनवापर’ कसा मोजणार? त्याच्यासाठी वेगळी वाट पहिल्या दिवसापासून उघडी लागते.

जॉर्डनमधील ‘तकाफुल’ ही रोख साहाय्य योजना आपत्तीतली नव्हे, नेहमीच्या समाजकल्याणाची. पण तिच्यातून घेण्यासारखा धडा आहे. जागतिक बँकेच्या निधीतून चालणाऱ्या या योजनेत कुटुंबांची गरिबी ५७ निकषांवरून मोजून क्रम लावला जातो, आणि ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२३ मध्ये त्यावर सविस्तर टीका केली. गाडी आहे का, वीज-पाणी किती वापरले जाते, असे निकष त्यात आहेत. आता पाणी वाहून आणण्यापुरती जुनी खटारा गाडी दारात असणे ही श्रीमंती का? जुनाट शेगडी आणि गळके नळ असलेल्या घराचे वीज-पाण्याचे बिल नीटनेटक्या घरापेक्षा जास्त येऊ शकते. एकेका निकषाला इतके अर्थ असतात, आणि ५७ निकषांची बेरीज करून एक गुण काढला की ते सगळे अर्थ आत बुडतात. ‘तुमचे गुण कमी पडले’ एवढेच अर्जदाराला कळते.

सूत्र उघड केले तर लोक त्यानुसार उत्तरे फिरवतील, ही भीती खोटी नाही. म्हणून सूत्र नको पण कारण द्या, असे आमचे म्हणणे आहे. नाकारलेल्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत दोन ओळींत कळावे: तुमच्याबद्दल आमच्याकडे अमुक नोंद आहे, आणि मुख्यतः तिच्यामुळे नाव आले नाही. चुकीची नोंद त्याला तिथल्या तिथे दाखवून देता येते. मृत नवऱ्याच्या नावावरची गाडी, स्थलांतरित मुलगा अजून घरात मोजलेला, असे प्रकार अशाच वेळी बाहेर पडतात. त्याखेरीज नाकारलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून काही शे घरे निवडावीत आणि प्रत्यक्ष जाऊन पाहावीत. तक्रारींवरून चुकांचा अंदाज बांधू नये. तक्रार करायला वेळ, बळ आणि फोन लागतो, आणि सर्वांत वाईट अवस्थेतला माणूस तक्रारच करत नाही.

अंगठ्याच्या ठशांबद्दल थोडक्यात. विटा-चुन्याचे किंवा शेतीचे काम करणाऱ्यांची बोटे घासलेली असतात, म्हाताऱ्यांच्या रेषा पुसट होतात, लहान मुलांच्या बारीक असतात आणि वाढीबरोबर रुंदावतात. डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवायची तर मोतीबिंदू आडवा येऊ शकतो. ५०,००० लोकांच्या वाटपात दोन टक्के ठसे जुळले नाहीत तरी दर फेरीला १,००० माणसे रांगेतून बाजूला काढली जातात. त्यांच्यासाठी दुसरे टेबल त्याच मांडवात, त्याच दिवशी हवे. कार्ड आणि ओळखीच्या दोघांची साक्ष एवढ्यावर शिधा मिळावा. ‘उद्या मुख्य कार्यालयात या’ हे उत्तर पाच कोस चालत आलेल्या माणसासाठी नकारच आहे. इंटरनेट गेले, वीज गेली तर काय, याचे उत्तर म्हणून छापील यादी पेटीत असावी. हास्यास्पद वाटेल, पण तिची आठवण बहुधा यंत्र बंद पडल्यावरच होते.

ठशांचा मोठा धोका मात्र ते जुळतात तेव्हा सुरू होतो. केनियात दुष्काळाच्या दिवसांत सोमालीवंशीय केनियन नागरिकांनी अन्नासाठी निर्वासित म्हणून नाव लावले. पुढे नागरिकत्वाचे ओळखपत्र मागायला गेल्यावर त्यांचे ठसे निर्वासितांच्या नोंदीत निघाले आणि हजारो लोक स्वतःच्याच देशात परके ठरले. येमेनमध्ये २०१९ च्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम आणि तिथल्या हौथी बंडखोरांचे प्रशासन यांच्यात अन्नाची पळवापळवी आणि बायोमेट्रिक (ठसे, बुबुळ अशा शारीरिक खुणांची) नोंदणी यांवरून वाद विकोपाला गेला. राजधानी साना शहरातल्या साडेआठ लाख लोकांचे अन्नवाटप अंशतः थांबले आणि ते सुरळीत व्हायला ऑगस्ट उजाडला. बांगलादेशातल्या रोहिंग्या निर्वासितांची माहिती त्या सरकारमार्फत म्यानमारला, म्हणजे ज्यांच्यापासून ते पळाले त्यांनाच, पोचल्याचा आरोप ह्यूमन राइट्स वॉचने २०२१ मध्ये केला. किमान ८,३०,००० नावे दिली गेल्याचे त्यात म्हटले होते. ही नोंदणी करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या उच्चायुक्तालयाने लोकांची संमती घेतल्याचे सांगून आरोप नाकारला. वाद कोणी जिंको, पण रेशनचे कार्ड ज्या टेबलावर मिळते त्याच टेबलावर ‘माहिती देऊ का?’ असे विचारले तर ‘नाही’ म्हणण्याची ताकद कोणात असते? आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीची माहिती-संरक्षणाची पुस्तिकाही हेच सांगते, की अशा परिस्थितीत संमती हा पुरेसा आधार बहुधा मानता येत नाही. याच समितीने २०१९ च्या बायोमेट्रिक धोरणात एक साधा मार्ग काढला: वाटपासाठी ठसा वापरायचा असेल तर तो लाभार्थ्याच्या कार्डावरच राहील, मध्यवर्ती साठ्यात नाही. कार्ड हवे तेव्हा परत करता येते. जिथे साठाच नाही तिथून काय चोरणार आणि काय मागणार?

साठा असला की तो फुटू शकतो, याचा अनुभव पुढे त्याच समितीला आला. जानेवारी २०२२ मध्ये उघड झालेल्या सायबर हल्ल्यात ताटातूट झालेल्या, बेपत्ता आणि कैदेतल्या ५,१५,००० हून अधिक लोकांची माहिती हल्लेखोरांच्या हाती लागली. ती किमान ६० राष्ट्रीय संस्थांकडून गोळा झालेली होती. हल्लेखोर नोव्हेंबरपासून, सुमारे ७० दिवस, आत होते. ते शिरले ती फट बुजवणारी सॉफ्टवेअर दुरुस्ती वेळेत बसवली गेली नव्हती, हे समितीने स्वतः जाहीर केले. त्या जाहीर कबुलीचे आम्हांला कौतुक वाटते, कारण या क्षेत्रात ते दुर्मीळ आहे.

उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नुकसान मोजणारी मॉडेल्स बहुधा चार पायऱ्या वापरतात: नुकसान नाही, किरकोळ, मोठे, आणि पूर्ण उद्ध्वस्त. पुराच्या पाण्याला आणि वणव्याला हे बरे लागू पडते. भूकंपात गफलत होते. खांब मोडून मजले एकावर एक थापले गेले, तरी वरचा स्लॅब अनेकदा अखंड राहतो. वरून पाहणाऱ्याला छप्पर शाबूत दिसते आणि मॉडेल ‘नुकसान नाही’ म्हणते. आत माणसे असतात. म्हणून हा नकाशा पहिली पथके कुठे पाठवायची एवढ्यापुरता वापरावा. एखाद्या घराला भरपाई नाकारण्यासाठी त्याचा पुरावा म्हणून वापर करणे हा सरळ गैरवापर आहे.

अंदाजांच्या बाबतीत आम्ही बरेच आशावादी आहोत. बांगलादेशात जुलै २०२० मध्ये पुराच्या पूर्वानुमानाचा ठरलेला आकडा ओलांडताच संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून सुमारे ५२ लाख डॉलर पूर शिगेला पोचण्याआधीच मोकळे झाले. कुटुंबांना रोख रक्कम, जनावरांना चारा, धान्य-बियाणे झाकून ठेवायला पिंपे मिळाली. इथे यंत्र चुकले असते तर काही लोकांना पूर न येता पैसे मिळाले असते. अशी चूक परवडते. पण अंदाज पुराचा न राहता माणसांचा झाला की प्रकरण नाजूक होते. सोमालियातल्या विस्थापनाचा अंदाज बांधताना उच्चायुक्तालयाच्या ‘जेटसन’ प्रकल्पाला शेळ्यांचे बाजारभाव उपयोगी ठरले. लांबच्या वाटेवर शेळ्या टिकत नाहीत, म्हणून निघण्याआधी लोक त्या विकून टाकतात आणि भाव पडतात. निरीक्षण फार सुंदर आहे. मात्र अमुक महिन्यात अमुक हजार लोक अमुक सीमेकडे निघतील, हा अंदाज पलीकडच्या बाजूला तंबू उभारायला जेवढा कामाचा, तेवढाच फाटक बंद करायलाही. असे आकडे गावनिहाय आणि तारखेनिशी उघड करू नयेत, एवढे पथ्य तरी पाळावे.

आता चॅटबॉट. लोकांच्या प्रश्नांना त्यांच्या भाषेत रात्रंदिवस उत्तरे मिळावीत, ही गरज खरी आहे. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर ४६३६ या क्रमांकावर क्रिओल भाषेत येणारे संदेश जगभर विखुरलेल्या हैतियन स्वयंसेवकांनी भाषांतरित केले. तेवढी माणसे दर वेळी मिळत नाहीत. म्हणून यंत्र आणले जाते. पण ज्या भाषांत इंटरनेटवर मजकूर थोडा, त्या भाषांत यंत्र अडखळते, आणि अडखळताना गप्प बसत नाही. ठाम आवाजात चुकीचे बोलते.

जुलाब होणाऱ्या मुलासाठी घरच्या घरी करायच्या पाण्याचे प्रमाण घ्या: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. वाक्यरचना उलटसुलट होऊन साखर आणि मीठ यांचे आकडे बदलले, तर सहा चमचे मिठाचे ते पाणी मुलाच्या जिवावर बेतते. ‘अर्धा’ गळून ‘एक चमचा’ झाला तरी ते धोकादायक आहे. ही चूक कार्यालयात बसून दिसत नाही, कारण कार्यालय तपासणी म्हणून उत्तर त्याच यंत्राकडून परत इंग्रजीत आणवते. जाताना केलेली चूक येताना तेच यंत्र सावरून घेते आणि कागद स्वच्छ दिसतो.

खरी तपासणी अशी करावी. मदतवाहिनीवर आलेले किमान २०० खरे प्रश्न घ्यावेत, कार्यालयात बनवलेले नकोत. लोक जसे विचारतात तसे: अशुद्ध लेखनासह, रोमन लिपीत, अर्धवट, आवाजी संदेशातले. ती भाषा घरात बोलणाऱ्या दोघांनी एकमेकांशी न बोलता उत्तरे तपासावीत आणि चार ढीग करावेत: बरोबर, अपुरे, चूक पण निरुपद्रवी, चूक आणि घातक. टक्केवारी पहिल्या तीन ढिगांची काढावी. चौथ्याची टक्केवारी काढायची नाही; त्यात एक जरी उत्तर पडले तरी तो विषय यंत्राकडून काढून घ्यायचा. औषधांचे प्रमाण, लैंगिक अत्याचार, आत्महत्येचे विचार, कायदेशीर दर्जा आणि ताटातूट झालेली मुले हे विषय आमच्या मते पहिल्यापासूनच माणसाकडे जावेत. उरलेल्यांत यंत्राने स्वतः वाक्ये रचू नयेत, मंजूर उत्तरांतून योग्य ते निवडावे. प्रत्येक उत्तराला मुदत असावी. वाटपाची जागा मंगळवारी बदलली आणि यंत्र शुक्रवारपर्यंत जुनीच सांगत राहिले, तर लोक चुकीच्या दिशेने, कधी गोळीबाराच्या दिशेने, चालत जातात.

एका गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मदतकेंद्रातला थकलेला कर्मचारी रात्री अहवाल पुरा करण्यासाठी पीडितेच्या प्रकरणाची टिपणे फुकटच्या चॅटबॉटमध्ये चिकटवतो. वाईट हेतू नसतो. नाव खोडले की माहिती निनावी झाली, असे त्याला वाटते. पण ‘अमुक विभाग, तेरा जणांचे कुटुंब, कुटुंबप्रमुख अंध स्त्री’ एवढ्यावरून त्या छावणीतले पोरही घर दाखवील. संयुक्त राष्ट्रांचे हेगमधील मानवतावादी माहिती केंद्र सर्वेक्षणाची माहिती जाहीर करण्याआधी ओळख उघड होण्याचा धोका मोजते आणि तो तीन टक्क्यांच्या वर असेल तर तपशील बोथट करते: नेमक्या वयाऐवजी वयोगट, गावाऐवजी जिल्हा, दुर्मीळ नोंद असेल तर ती गाळलेली. टिपणांना अशी मोजपट्टी लागत नाही. म्हणून तिथे नियम ठोक असावा, की व्यक्तीच्या प्रकरणाचा मजकूर बाहेरच्या साधनात टाकायचाच नाही. आणि त्या कर्मचाऱ्याला संस्थेचे स्वतःचे, सुरक्षित साधन द्यावे. नुसती बंदी घातली तर तो लपून वापरील, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

तत्त्वांची टंचाई अजिबात नाही. संयुक्त राष्ट्रांनी आपल्या यंत्रणेसाठी २०२२ मध्ये दहा तत्त्वे ठरवली. पहिलेच ‘अपाय करू नका’ हे. कमतरता आहे ती करारनाम्यांत. कंपनी फुकट प्रणाली देते तेव्हा तिला मोबदल्यात काय मिळते, हे कलम वाचल्याशिवाय सही होऊ नये. लाभार्थ्यांची माहिती मॉडेल शिकवायला वापरता येणार नाही, हे त्यात स्पष्ट हवे, कारण शिकलेले मॉडेल पुढे ‘विसर’ म्हटल्याने विसरत नाही. प्रकल्प संपल्यावर किती दिवसांत माहिती नष्ट होईल आणि त्याचा दाखला कोण देईल, प्रणाली बंद करण्याचा अधिकार मैदानावरच्या कोणत्या पदाला आहे, आणि ती बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशीचे वाटप कसे होईल, हेही त्यातच लिहिलेले असावे. देणगीदारही दोषमुक्त नाहीत. ‘नावीन्या’साठी निधी सहज मिळतो, तक्रार ऐकणाऱ्या दोन माणसांच्या पगाराला मिळत नाही.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. यापुढे अशा प्रणालीची बातमी करताना अचूकतेच्या आकड्याबरोबर आणखी चार आकडे मागावेत: यंत्राच्या खुणेमुळे किती जणांची मदत थांबली, त्यांपैकी किती जणांनी दाद मागितली, किती जणांची मदत पुन्हा सुरू झाली, आणि त्याला सरासरी किती दिवस लागले. चौथा आकडा आधी विचारावा. तो बहुतेक ठिकाणी कुणी मोजलेलाच नसतो.

आपले,
मदतकार्यातील नोंदणी व माहिती-छाननीचे काम करणारे काही वाचक